ठेव, मी करते

शकू गेल्याचं कळलं तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होते. मे महिन्यातली दुपार, प्रताप नगरचे रस्ते इतके ओस की कुत्रंसुद्धा सावली सोडून भुंकायला तयार नव्हतं. मोबाइल वाजला, नंबर अनोळखी. पलीकडून बाईचा आवाज... "काकू, मी जया बोलून राहिली. आई गेल्या. आत्ताच." जया म्हणजे शकूची सून. रडून घोगरा झाला होता, पण आवाज जयाचाच वाटत होता. अशा वेळी माणूस काय म्हणतं? अगं काय सांगतेस, कधी, कशानं... मी म्हणाले, "ठेव, मी करते." आणि फोन कापला.

म्हातारीला धक्का बसला असेल, असं तुम्हाला वाटेल. धक्का नंतर बसला. त्या क्षणी मला आशा होती. हल्ली काय काय खोटे फोन येतात. तुमचा मुलगा पकडला गेला, तुमची वीज कापतोय, तुमचं खातं बंद होतंय... त्यातलाच हा एक असू दे. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी देवाजवळ मागितलं की पलीकडे कुणीतरी अट्टल लबाड निघू दे. मग शकूच्या घरचा जुना, तोंडपाठ नंबर लावला. तिच्या बैठकीतला तो टेबलावरचा फोन वाजला, आणि जयानं उचलून सांगितलं, "काकू, खरंच गेल्या हो."

म्हणजे शकूनं मला जन्मभर घोकवून शिकवलेली गोष्ट मी नेमकी तिच्याच मरणाच्या बातमीवर वापरली. ती असती तर म्हणाली असती, "बरोबर केलं वं मालू. लेट आली, पण अक्कल आली तुले."

आमची ओळख ट्रंक एक्स्चेंजमधली. आजच्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते सांगावं लागतं. गावाबाहेर फोन करायचा तर आधी आमच्याकडे नोंदवायचा, फोन ठेवून वाट बघत बसायचं, आणि लाइन मोकळी झाली की आम्ही मुली तुम्हाला उलटा फोन करून जोडून देणार. समोर छिद्राछिद्रांचा उंच बोर्ड, त्यावर लुकलुकणारे दिवे, हातात दोन तोंडांची दोरी, डोक्याला हेडफोन. दोरीचं एक टोक या गावात खुपसायचं, दुसरं त्या गावात, की दोन माणसं बोलायला लागायची. नागपूर पडलं देशाच्या बेंबीत. उत्तरेचं दक्षिणेशी बोलणं, मुंबईचं कलकत्त्याशी बोलणं, त्यातलं पुष्कळसं आमच्या नाकासमोरून जायचं. सरकारी, फौजी, व्यापारी, माहेर-सासरचं, सगळं एकाच बोर्डावर. हे किती नाजूक काम आहे याची मला तेव्हा शून्य कल्पना होती. माझं लक्ष असायचं माझ्या आवाजाकडे.

हो, आवाज. शाळेतल्या एका बाईंनी मला कधीतरी म्हटलं होतं, "मालती, तुझा आवाज रेडिओवर शोभेल." ते वाक्य मी दागिन्यासारखं अंगावर घालून फिरत होते. "नंबर प्लीज" हे दोनच शब्द, पण मी ते असे म्हणायची की जणू पुढे गाणं लागणार आहे. घरी आरशासमोर सराव करायची. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

शकू माझ्यासोबतच लागली. महाल भागाकडच्या विणकरांच्या घरातली, घरात हातमाग. ठेंगणी, सावळी, हसली की शेजारच्या इमारतीत कळावं. घसा बसू नये म्हणून पर्समध्ये कायम संत्रागोळ्या, आणि त्या कुणाला म्हणून द्यायची नाही. बोर्डावर तिची बोटं इतकी झरझर चालायची की नवे साहेब हमखास म्हणायचे, विणकराची मुलगी ना, दोऱ्यांची सवय. ती मागून मला म्हणायची, "बोटांचं काय घेऊन बसले वं हे? माह्या बापाच्या मागावर मी एकदा बसली तर अर्धं लुगडं वाया गेलं." साधीभोळी वगैरे मुळीच नव्हती. रमी खेळताना पत्ते ओच्यात लपवायची, पकडली गेली की उलट आपल्यालाच चोर म्हणायची. आणि गल्लीतली भांडणं? कोणाची सून माहेरी गेली, कोणी कोणाच्या दारात राख टाकली, याचं तिच्याकडे हावभावांसकट वर्णन असायचं. पण गंमत अशी की बोर्डावर कानी पडलेलं एक अक्षर तिच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही. लाइन लागली की नाही हे बघायला आम्हाला क्षणभर कान लावावाच लागायचा, आणि त्या क्षणात काय काय ऐकू यायचं! आम्ही बाकीच्या जणी डबा खाताना हळूच सांगायचो. शकू डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायची.

याचा फटका मला स्वतःला बसला. अमरावतीच्या एका घरी माझं लग्न जुळत आलं होतं. मुलाच्या वडिलांनी नागपुरातल्या मध्यस्थाला ट्रंक कॉल केला, तो नेमका शकूनं जोडला. दुसऱ्या दिवशी नकार आला. ते काय म्हणाले, हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं, त्यातली एक माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून संत्रागोळी चघळत होती. मी पाया पडले, रडले, चिवड्याची लाच देऊन पाहिली. चिवडा खाल्ला तिनं. सांगितलं नाही. "अगं, माझ्याच नकाराची गोष्ट आहे ना ती? मग मला नको कळायला?" तर म्हणते, "गोष्ट तुही आहे. फोन त्याहिचा आहे."

पासष्टची लढाई संपल्यावर आम्हा सगळ्यांना शिकवायला बाहेरून एक साहेब आले. चष्मा पुसत पुसत बोलायचे. आठवडाभर त्यांनी काय काय सांगितलं. शत्रू फक्त सरहद्दीवर नसतो, तारेवरही असतो, कोण कुठे बोलतो एवढं कळलं तरी बोलणं ऐकायची गरज पडत नाही, वगैरे. मी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. मग एका दुपारी माझ्या बोर्डावर फोन. गंभीर, भारदस्त, गोड आवाज. कलेक्टर कचेरीतून बोलतोय म्हणाला. काम सांगायच्या आधी म्हणाला, "क्षमा करा, पण असा आवाज मी आजवर टेलिफोनवर ऐकला नाही."

संपलंच. पुढे त्यानं विचारलं की थेट लाइन कोणकोणत्या शहरांना आहे, ते मी सांगितलं. सध्या कोणती बंद आहे, तेही सांगितलं. मग न विचारता आपणहून वर सांगितलं, की जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे दोघीच असतात, तेव्हा नका करू, तुम्हाला ताटकळावं लागेल! त्यानं "थँक यू, मिस" म्हटलं आणि शेजारच्या खोलीचं दार उघडून चष्मा पुसत बाहेर आला.

मला वाटलं, नोकरी गेली. पण साहेब रागावले नाहीत. सगळ्यांना म्हणाले, "इन्होंने कोई ग़लत काम नहीं किया. इन्होंने मदद की. चोर को बस यही चाहिए." आणि माझ्या आधी त्यांनी असाच फोन शकूला केला होता, हेही तेव्हाच कळलं. शकूनं त्यांना सांगितलं होतं, "ठेवा, मी करते." ते म्हणाले, घाईत आहे, मोठे साहेब रागावतील. तर ही म्हणते, "मग मोठ्या साहेबांनाही मीच करते. ठेवा." आणि कलेक्टर कचेरीत उलटा फोन लावून विचारलं, तर या नावाचं तिथं कुणीच नव्हतं.

मी फणकारत विचारलं, "तुला कसं कळलं गं, माणूस खोटा आहे ते?"

"मले कुठं कळलं? मले तर तो खराच वाटला. आवाज मस्त होता." मग गोळी या गालातून त्या गालात सारून म्हणाली, "कळत नाही तेव्हा काय करायचं, ते मी ठरवून ठेवलं आहे. बस."

बघा, यात शकूचं काही स्वतःचं नव्हतं. नोंदवलेला कॉल आम्ही सगळ्याच उलटा फोन करून द्यायचो, कामाची रीतच ती. तिनं एवढंच केलं की तीच रीत सगळ्यांना लावली. साहेबाला, फौजदाराला, ओळखीच्याला, अनोळखीला. तुमचा आवाज कितीही ओळखीचा असो, तुम्ही फोन ठेवायचा, आणि ती तिला ठाऊक असलेल्या वाटेनं तुमच्यापर्यंत येणार. लोक चिडायचे. मोठी माणसं जास्त चिडायची. आपल्यावर विश्वास नाही हे ऐकून घ्यायची सवय मोठ्या माणसांना नसते. "इतकी काय शहाणी समजते स्वतःला" असं मीसुद्धा म्हणायची, आणि माझ्या मागे बऱ्याच जणी म्हणायच्या.

मग एकाहत्तर साल आलं.

शकूचा धाकटा भाऊ वसंता फौजेत होता. लढाई सुरू झाली आणि त्याची पत्रं थांबली. बोर्डावर फौजी कॉलांची झुंबड. शहरातल्या काही ठिकाणांचे नंबर रातोरात बदलले होते, नवे आम्हाला पाठ करायला लावले होते आणि कुठेही लिहायची बंदी होती. दुसऱ्या गावच्या ऑपरेटरनं मागितले तरी थेट सांगायचे नाहीत, सुपरवायझरनं सुपरवायझरला कळवायचे, असा हुकूम. हुकूम सोपा होता. पण दुसऱ्या गावच्या ऑपरेटर म्हणजे आमच्या कोण? न पाहिलेल्या बहिणी. वर्षानुवर्षं रोज बोलणं, तोंड कधी पाहिलेलं नाही. जबलपूरची निर्मला ही शकूची अशीच मैत्रीण. निर्मलाला मुलगी झाली तेव्हा लाइन जरा मोकळी बघून आम्ही इकडून पाळणा म्हटला होता. माझा आवाज अर्थात सगळ्यांच्या वर!

त्या दुपारी मी शकूच्या शेजारी बसले होते. तिच्या हेडफोनमधलं मला ऐकू येत नव्हतं, दिसत होता तो फक्त तिचा चेहरा. आधी उजळला, मग पांढरा पडला. पलीकडून निर्मला बोलत होती, असं मला मागाहून कळलं. ती सांगत होती, "शकुंतला, तुम्हारा वसंत यहाँ है, फौजी अस्पताल में. वार्ड का फोन दूसरी लाइन पर है, अभी बात कराती हूँ. पर पहले नागपुर का एक अर्जंट फौजी कॉल अटका है, उसका नया नंबर बोलो. जल्दी." आवाज निर्मलाचा होता, खरखरीतून येणारा. एकच गोष्ट निराळी होती. जबलपूरच्या थेट लाइनचा दिवा लागलाच नव्हता. फोन इटारसीच्या लाइनवरून फिरून आला होता.

शकूचा हात दोरीवर होता. तो हात मला आजही दिसतो. ती म्हणाली, "निर्मला बहन, आप रखिए. मैं करती हूँ." पलीकडून काहीतरी आलं. तिनं डोळे मिटले. "नहीं बहन... आप रखिए." आणि दोरी उपसली.

मग तिनं जबलपूरची थेट लाइन लावून पाहिली. मुकी. इटारसीवरून प्रयत्न केला, तर सगळ्या लाइनी फौजेच्या ताब्यात. परत जबलपूर, परत मुकी. तोवर काय झालं ते तिनं मला सांगितलं होतं.

"शकू, आवाज तिचाच होता ना?"

"वाटत तर होता."

"मग काहून गं? काहून कापला?" शकूच्या नादानं मलाही काहून म्हणायची सवय लागली होती.

"वाटत होता, म्हणून."

"सुपरवायझरबाईंना सांग. भावासाठी एक लाइन मोकळी करून देतील त्या."

तिनं समोरच्या बोर्डावरचे लुकलुकणारे दिवे दाखवले. "आज ह्या प्रत्येक दिव्यामागं कोणाचा ना कोणाचा भाऊ आहे, मालू."

मी तिला दगड म्हणाले. तोंडावर म्हणाले, चारचौघींत म्हणाले. माझं म्हणणं साधं होतं. नंबर सांगून टाकायचा, ओळखीचीच तर बाई, आणि भावाचा आवाज ऐकायचा. असेल तो मरणाच्या दारात, तर? पुन्हा कधी ऐकू येणार होता? रागारागातच मी संध्याकाळी तिच्यासोबत तिच्या घरी गेले. तिला एकटीला सोडायची मला भीती वाटत होती. मला वाटलं होतं घरी ती काही सांगणार नाही. पण बाहेरचं गुपित पोटात ठेवणारी शकू आईबापाशी खोटं बोलू शकली नाही. चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगून मोकळी झाली.

आतला माग थांबला. तिच्या बाबांनी विचारलं, "जित्ता आहे म्हणे ना?"

"म्हणे."

"कोण म्हणे?"

"तेच माहीत नाही, बाबा."

तिची आई चुलीजवळून उठून आली. "फोन कापला तुनं? माह्या लेकाचा फोन? सरकारची पोरगी झाली का वं तू? आमची नाही राहिली?" त्या रात्री आईनं तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी दारात उभी, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण दगड म्हणायला नको होतं, दगडाला असं ओठ चावत उभं राहावं लागत नाही.

दोन दिवस जबलपूर मुकं होतं. शकू ड्यूटी संपली तरी घरी जायची नाही, कोपऱ्यात बसून राहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी थेट लाइनचा दिवा लागला. शकूनं दोरी खुपसली. मी मागे उभी राहून हेडफोनला कान चिकटवला. निर्मलाच होती. आणि निर्मलाच तेव्हाही होती. थेट लाइन तुटली म्हणून बिचारी इटारसीला फिरवून आली होती. वसंता खरंच तिथल्या दवाखान्यात होता, पायाला लागलं होतं, जिवावरचं टळलं होतं. सगळं, सगळं खरं होतं. अडकलेला कॉल तर त्याच दिवशी सुपरवायझरच्या वाटेनं मार्गी लागला होता.

निर्मलानं आधी मनसोक्त शिव्या घातल्या. मग म्हणाली, "शकुंतला, तुम्हारी जगह मैं होती तो बता देती. दो दिन से यही सोच रही हूँ... मैं बता देती."

शकूनं हेडफोन काढला, बोर्डाच्या कडेवर डोकं टेकवलं आणि हमसून रडली. तिच्या समोर दिवे लागत राहिले. मी खुर्ची ओढली, तिच्या जागेवर बसले आणि "नंबर प्लीज" म्हणाले. त्या दिवशी माझा आवाज कसा निघाला, ते मला आठवत नाही.

मी पुष्कळदा विचार करते. तो फोन खोटा निघाला असता तर शकूचा सत्कार झाला असता, साहेबांनी पाठ थोपटली असती, आईनं लिंबलोण उतरवलं असतं. फोन खरा निघाला, म्हणून ती नुसती दगड ठरली. राखण करणाऱ्याच्या नशिबात हेच असतं. चोरी झाली तर सगळे विचारतात, तू काय करत होतास? आणि झाली नाही तर म्हणतात, चोर होताच कुठे? न झालेल्या चोरीची बातमी कुठल्या पेपरात येते? आणि खरी पंचाईत पुढेच आहे. दार वाजवणारे बहुतेक सगळे आपलेच असतात. निर्मला असते, वसंता असतो. सगळ्यांसाठी दार बंद करून टाकलं तर एक्स्चेंजच कशाला हवं? उघडं तर ठेवायलाच पाहिजे, आणि उघड्या दारात बसून राखण करायची. ती करताना आपल्या माणसाचं मन दुखवायचं, आणि नंतर कळतं की दुखवायची गरज नव्हती. तरी पुढच्या वेळेला परत तेच करायचं. हे मला कधी जमलं नसतं. मला लोकांनी छान म्हटलेलं फार आवडतं.

वसंता उन्हाळ्यात काठी टेकत घरी आला, तोवर आई शकूशी कामापुरतंच बोलत होती. त्यानं आल्या आल्या विचारलं, घरात कोण मेलं? हकीकत कळल्यावर इतका हसला की काठी पडली. म्हणाला, "आई, बरं झालं हिनं फोन कापला. त्या दिवशी मी इतका बोंबलून राहिलो होतो, ते ऐकलं असतं तर तूच गेली असती." आई रडता रडता हसली आणि शकूच्या पाठीत एक धपाटा घातला. तो धपाटा म्हणजेच तिचा सत्कार.

पुढे ऐंशीच्या दशकात डायल फिरवून परगावी थेट फोन लागायला लागला. आमचा बोर्ड निघाला, दोऱ्या भंगारात गेल्या, आम्ही बिलांच्या विभागात जाऊन बसलो. तिथं शेवटी शेवटी कंप्युटर आला. काचेची खोली, थंड हवा, चपला बाहेर काढून आत जायचं, अगदी गाभाऱ्यासारखं. नमस्कार करून आत जाणाऱ्यांत मी होतेच, उगाच कशाला लपवू? तो उघडायला म्हणून एक गुप्त शब्द असायचा, तो फक्त साहेबांना ठाऊक. साहेब चहाला गेले की खोलीतून कुणीतरी ओरडायचं, "साहेब, पासवर्ड काय होता?" आणि कॅन्टीनच्या टोकाहून साहेब ओरडायचे, "पिंकी!" पिंकी म्हणजे त्यांची मुलगी. चहावाल्यालाही पाठ होतं. शकूनं एकदा जाऊन सांगितलं, "साहेब, इतक्या मोठ्या घराले कुलूप लावलं, अन् किल्ली पिंकीच्या गळ्यात बांधून तिले बाजारात पाठवली." साहेब हसले. दुसऱ्या दिवशी शब्द बदलला. आता साहेब कॅन्टीनमधून "बबलू!" ओरडायला लागले.

माझी नात ईशा मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या उद्योगनगरीत, एका कंपनीत कामाला आहे. तिचं कामच हे, सायबर सुरक्षा. विजेची केंद्रं, बँका, दवाखाने, रेल्वे, सगळं आता तारेवर आलं, आणि त्या तारेवर कुठून कोण हात घालेल त्याची राखण. गेल्या दिवाळीत मी तिला शकूकडे घेऊन गेले. ती सांगत होती, "शकूआजी, एका विजेच्या केंद्रात कुणी शिरलं तर आख्ख्या शहराचे दिवे जातील, ऑपरेशन थिएटर बंद पडेल, पाण्याचे पंप थांबतील." शकू कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्या भिंती किती उंच हायेत ते मले नको सांगू. तुमच्याकडं फोन कोण उचलते?"

ईशा म्हणाली, "आजी, शिरकाव बहुतेक तिथूनच होतो. कुणीतरी गोड बोलून विचारतं आणि आमचंच कुणीतरी मदत करतं."

"ही पाहा, इथं बसली आहे," शकूनं माझ्याकडे बोट दाखवलं. "आख्ख्या नागपूरच्या लाइनी सांगितल्या होत्या हिनं एका माणसाले. कायच्यासाठी? तर म्हणे आवाज छान आहे." दोघी मिळून मला हसत बसल्या, आणि मीही हसले, करणार काय?

आमची शेवटची भेट एप्रिलमधली. अंथरुणाला खिळली नव्हती, पण बोलताना दम लागायचा. संत्रागोळ्यांचा डबा उशाशी, आणि त्या दिवशी तिनं आपणहून एक मला दिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, "शकू, आता तरी सांग. अमरावतीवाले काय म्हणाले होते?" मुलाचे वडील जाऊन जमाना झाला, मध्यस्थ गेला, त्या मुलाचीही पोरं म्हातारी व्हायला आली असतील. माझं लग्न दुसरीकडे झालं, उत्तम संसार झाला. आता कोणाचं काय बिघडणार होतं?

ती माझ्याकडे बघून मिस्कील हसली. "ठेव," म्हणाली, "मी करते."

गेली. घेऊनच गेली. नाक मोठं म्हणाले असतील, की घरात दोन धाकट्या बहिणी लग्नाच्या म्हणून नको म्हणाले असतील... मला आता कधीच कळणार नाही. सुरुवातीला याचा राग आला. हल्ली वाटतं, माझ्याबद्दलचं एक वाक्य या जगात कुणीतरी इतकं जपून ठेवलं होतं, हे काय थोडं आहे?

परवा दुपारी मला फोन आला. बँकेतून बोलतोय म्हणाला. मुलगा गोड बोलत होता, सुरुवातीलाच म्हणाला, आजी, तुमचा आवाज किती छान आहे. या वयात! मी म्हटलं, "बाळा, उशीर केलास. साठ वर्षांपूर्वी केला असतास तर सगळं सांगितलं असतं. ठेव, मी करते." त्यानं घाईघाईनं ठेवला.

इतकं हसू आलं की हे कधी एकदा शकूला सांगते असं झालं, आणि बोटांनी तिचा नंबर लावूनही टाकला. रिंग जायला लागली तेव्हा आठवलं. ठेवणार, इतक्यात जयानं उचलला. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "जया, मी मालूकाकू. काही काम नाही गं, उगाच..."

जया अगदी शकूच्या चालीत म्हणाली, "काकू, ठेवा. मी करते."

मी फोन ठेवला. घरात कूलरची घरघर चालू होती. फोनसमोर खुर्ची ओढून मी बसून राहिले, पूर्वी लोक ट्रंक कॉल नोंदवून बसायचे तशी. कोणाचा येणार ते मला ठाऊक होतं, इतकी काही मी म्हातारी झालेली नाही. पण फोन ठेवल्यापासून रिंग वाजेपर्यंतचा जो वेळ असतो ना... तेवढा वेळ पलीकडून कोण बोलणार, हे नक्की झालेलं नसतं.

फोन वाजला. मी लगेच उचलला नाही. जरा वाजू दिला.